बॅग पुढे, आपण मागे

गेल्या रविवारी आमच्या वस्तीतील एक मावशी घाईघाईने आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा दुबईतील एका हॉटेलात बेलबॉय आहे. पाहुण्यांचे सामान वर-खाली नेणे हे त्याचे काम. मावशी म्हणाल्या, "भाऊ, पोरगा फोनवर सांगत होता, आता पाहुण्यांच्या बॅगा विमान कंपनीची माणसं हॉटेलातूनच घेऊन जातात. पाहुणा मोकळ्या हाताने विमानतळावर जातो. पण एखादी बॅग गहाळ झाली, तर नाव कोणाचं येणार? माझ्या पोराचंच ना?"

मावशींची भीती खोटी नाही. वस्तू हरवली की पहिला संशय गरिबाच्या पोरावर येतो, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत. म्हणून हा प्रकार नेमका काय आहे, हे आम्ही त्यांना बसवून सांगितले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

चेक-इन म्हणजे तरी काय? तिकीट आणि ओळखपत्र पाहायचे, बॅगेचे वजन करायचे, तिला चिठ्ठी लावायची, प्रवाशाला पावती आणि बोर्डिंग पास द्यायचा. हे काम विमानतळाच्या छपराखालीच झाले पाहिजे असे नाही. कंपनीचा अधिकृत माणूस आणि यंत्र जिथे असेल तिथे ते होऊ शकते.

अमेरिकेत ओरलँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही मोठी करमणूकनगरी आहे. तिथल्या हॉटेलांत २००५ पासून अशी सोय होती. देशांतर्गत विमानाने जाणारे कुटुंब सकाळी हॉटेलातच बॅगा सोपवी, बोर्डिंग पास घेई आणि उरलेला दिवस मुलाबाळांसह फिरण्यात घालवी. पुढे कोरोनाच्या काळात ही सोय थांबली, आणि विमानतळावर फुकट नेणारी तिथली बससेवाही २०२२ च्या आरंभी बंद झाली. हाँगकाँगमध्ये १९९८ साली विमानतळाची जलद रेल्वे सुरू झाली, तेव्हा शहरातील स्टेशनांवरच बॅगा देण्याची व्यवस्था झाली. आपल्या देशात दिल्लीची विमानतळ मेट्रो २०११ साली धावू लागली, तेव्हा नवी दिल्ली मेट्रो स्टेशनावर काही कंपन्यांच्या प्रवाशांसाठी हीच सोय करण्यात आली.

सोय कोणाची होते? हॉटेलची खोली दुपारी बारापर्यंत सोडायची आणि विमान रात्रीचे, अशा वेळी बॅगा ओढत फिरणाऱ्याची. गुडघे दुखणाऱ्या आजीची. कडेवर मूल असलेल्या बाईची. ही चैन नव्हे.

आता सुरक्षिततेचे पाहू. बॅग विमानतळाबाहेर घेतली म्हणून तिची तपासणी टळत नाही. विमानात चढवण्यापूर्वी ती इतर बॅगांसारखीच तपासली जाते. आणि एक नियम तर फार मोठी किंमत देऊन जगाने शिकला आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळले. ३२९ माणसे मेली. बॉम्ब असलेली बॅग कॅनडातील व्हँकूव्हरला दिली गेली होती. ती देणारा प्रवासी मात्र विमानात बसलाच नाही. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या एका बॅगेचा स्फोट झाला आणि सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले. तिकीट काढणारे वाचले, बॅगा उचलणारे मेले. हे दोघे कामगार आपण विसरता कामा नये.

त्यानंतर नियम कडक झाले. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅग खाली उतरवतात. म्हणूनच "ही बॅग तुम्ही स्वतः भरली का? कोणी काही दिले आहे का?" असे विचारतात. हा प्रश्न हॉटेलात विचारला तरी खरेच उत्तर द्यावे. गावाकडच्या कोणाचे 'एवढे पार्सल पोचव' हे ओझे उघडून पाहिल्याशिवाय कधीही घेऊ नये.

आम्ही कारकून माणसे. आमचा एकच मंत्र, नोंदीशिवाय माल नाही आणि पावतीशिवाय जबाबदारी नाही. विमान कंपनीच्या चिठ्ठीवर दहा आकडी क्रमांक असतो. त्याचा तुकडा प्रवाशाला मिळतो. तो हाती आला की बॅग कंपनीच्या ताब्यात गेली. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात भारत २००९ साली सामील झाला. त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात ताब्यातील बॅग हरवली तर कंपनी भरपाई देण्यास बांधील आहे. डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा दर प्रवाशी साधारण दोन हजार डॉलर आहे. बॅग फाटली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. हॉटेलच्या सामानखोलीचे टोकन मात्र हॉटेलपुरतेच. ते दाखवून विमान कंपनीकडे दाद मागता येत नाही.

म्हणून बॅग सोपवताना चार गोष्टी पाहाव्यात. माणूस कंपनीचा आहे का, ओळखपत्र पाहावे. कुलूप लावून बॅगेचा फोटो काढावा. पावतीवरील क्रमांक आणि चिठ्ठीवरील क्रमांक एकच आहे ना, ते ताडून घ्यावे. पासपोर्ट, दागिने, रोकड, औषधे जवळच्या पिशवीत ठेवावीत. पॉवर बँक तर मोठ्या बॅगेत टाकूच नये, त्याला मनाई आहे.

मावशींना आम्ही म्हणालो, "पोराला सांगा, बॅग हातात घेताना मोजून घे, देताना सही घेऊन दे. वेळ लिहून ठेव. साहेब घाई करील, पाहुणा वैतागेल, तरी सही सोडू नकोस." नोंद ही पाहुण्याच्या सामानाची राखण आहेच. त्याहून अधिक ती कामगाराच्या अब्रूची राखण आहे. सामान हरवले तर भरपाई मिळते. नाव गेले तर कोणता करार ते भरून देणार?

मावशी उठताना म्हणाल्या, "म्हणजे भाऊ, सगळा खेळ कागदाचा." आम्ही म्हणालो, "हो मावशी. म्हणून तर पोरांना शिकवायचे."