फॅन्टसी फुटबॉल: फॉर्म हरवलेला क्वार्टरबॅक राखायचा की सोडायचा?

ब्राइस यंग हा अमेरिकेतल्या एनएफएलच्या 2023 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक. पण 2024 मध्ये दोनच सामन्यांनंतर कॅरोलिना पँथर्सने त्याला बाकावर बसवलं. काही आठवड्यांनी तो परतला. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात अटलांटाविरुद्ध त्याने तीन टचडाउन पास दिले आणि दोन टचडाउन स्वतः धावून केले.

मग फॅन्टसीत अशा खेळाडूचं मोल कसं ठरवायचं?

'कीपर लीग'मध्ये गेल्या वर्षीचे मोजके खेळाडू पुढच्या हंगामासाठी राखता येतात. बऱ्याच लीगमध्ये त्याबदल्यात ड्राफ्टमधली एक फेरी सोडावी लागते. त्यामुळे खेळाडू किती चांगला आहे, एवढंच पाहून चालत नाही. तो कोणत्या फेरीच्या मोबदल्यात पडतो, हेही पाहावं लागतं.

12 जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक खेळवायचा असेल, तर एनएफएलच्या 32 संघांमधले 12 पुरतात. पर्याय भरपूर उरतात. तिथे चाचपडणाऱ्या खेळाडूसाठी वरची फेरी घालवणं महागात पडतं. दोन क्वार्टरबॅक खेळवायचे असतील, तर 24 लागतात. मग जागा पक्की असलेला साधारण क्वार्टरबॅकही मोलाचा ठरतो.

जागा पक्की असणं महत्त्वाचं, कारण बाकावर बसलेल्याला गुण मिळत नाहीत. शेवटच्या फेरीत पडत असेल, तर मात्र धोका पत्करायला हरकत नाही.