कोंडा चालेल का?

माघ वद्य नवमीला उमरठला माणसांची रीघ लागते. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरात वसलेलं हे गाव तानाजी मालुसऱ्यांचं. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या या सुभेदाराची समाधी इथे आहे आणि पुण्यतिथी तिथीनुसार होते. योगायोग असा की समर्थ रामदासांची दासनवमीही हीच. त्यामुळे शेजारच्या महाड तालुक्यात शिवथरघळीलाही त्या दिवशी गर्दी. उत्सव म्हटला की पंगत आलीच. पुढे दोन दिवसांनी विजया एकादशी, तिच्यानंतर तीन दिवसांनी महाशिवरात्र. आठवडा पुरा व्हायच्या आत एक भरपेट जेवण आणि दोन उपास. खरी भूक कोणती आणि नुसती वाटणारी कोणती, हे ज्याला तपासून बघायचं असेल त्याची पंचांगाने याहून चांगली सोय क्वचितच केली असेल.

एकादशीला सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला पहिली हाक येते. घरात उपास धरणाऱ्या बहुधा सासू आणि सून. पोरं आणि गडीमाणसं नेहमीसारखीच जेवणार. म्हणजे चूल पेटलेली आहेच. तव्यावर तांदळाची भाकरी फुगते आहे, शेजारी वालाचं कालवण रटरटतंय. भाकरी उलटणाऱ्या सुनेच्या पोटात गुरगुरतं, तोंडाला पाणी सुटतं आणि आज काही उपास निभत नाही असं वाटू लागतं. मग जेवणं उरकतात, भांडी घासून होतात, ती परसात कामाला लागते आणि दीडच्या सुमाराला तिच्या ध्यानात येतं की भूक गेली. पोटात कण पडलेला नाही, तरी गेली.

न जेवताच जी गेली ती भूक कसली?

गुरगुरण्याचं आधी बघू, कारण त्याच्यावर लोकांचा फार भरवसा असतो. १९१२ साली अमेरिकेत हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाच्या हाताखालच्या वॉशबर्न नावाच्या विद्यार्थ्याने चक्क एक फुगा गिळला. फुग्याची नळी तोंडातून बाहेर, यंत्राला जोडलेली. जठर आवळलं की यंत्रावर खूण उमटायची, आणि वॉशबर्नला भुकेची कळ आली की तो वेगळी खूण करायचा. दोन्ही खुणा जुळल्या. झालं, जठर आवळतं म्हणजेच भूक लागते, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. पण शस्त्रक्रियेत जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते हे दिसल्यावर हा हिशेब बिघडला. आता असं मानतात की पोट रिकामं झालं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्यापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि राहिलेसाहिलेले कण पुढे ढकलते. ही झाडलोट. तिचा आवाज येतो, कधी कळही येते. मात्र शरीरातलं इंधन संपत आलं असा तिचा अर्थ नव्हे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. १९९९ साली कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी जठरात तयार होणारं घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. जेवणाआधी ते रक्तात वाढतं, जेवणानंतर उतरतं. इथवर ठीक. गंमत पुढे आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही निरोगी माणसांना दिवसभराहून जास्त वेळ उपाशी ठेवून त्यांचं रक्त वरचेवर तपासलं. नाश्त्याच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेला घ्रेलिन वाढलं आणि कुणी काही न खाताच आपलं आपण खालीही आलं. ही भूक एसटीसारखी आहे: वेळेला येते, थोडी थांबते, आणि कुणी चढलं नाही तरी निघून जाते. महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या माणसांना हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं. पाळी बदलली की पहिले काही दिवस भूक जुन्याच वेळेला लागते. मग तीही नव्या पाळीवर रुजू होते. पोट तेच, काम तेच. बदलतो तो फक्त डबा उघडायचा वेळ.

मग खरी भूक ओळखायची कशी? यावर मराठीतली सगळ्यात जुनी आणि बिनखर्चाची चाचणी म्हणजे ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’. भुकेल्याला कोंडाही गोड लागतो. उपासाच्या दिवशी भूक लागली की स्वतःला विचारावं: कालची गार भाकरी आणि मीठ समोर आलं तर खाशील का? उत्तर ‘हो’ असेल तर भूक खरी असण्याचा संभव बराच. ‘भाकरी नको, पण खिचडी असती तर…’ असं उत्तर आलं, तर जिभेची हौस पोटाच्या नावावर खपते आहे. घड्याळाची भूक एकदम उसळते, तिला अमुकच पदार्थ हवा असतो आणि कामाला लागलं की ती विसरते. शरीराची भूक हळूहळू चढते, निवड करत नाही आणि कामात मन घातलं तरी हटत नाही. उलट कामच सुचेनासं होतं. आयुर्वेदात आधीचं अन्न पुरतं पचल्याची लक्षणं सांगितली आहेत: ढेकर शुद्ध येणं, उत्साह वाटणं, मलमूत्र वेळेवर होणं, अंग हलकं वाटणं आणि मग भूक-तहान लागणं. क्रम बघण्यासारखा आहे. अंग जड, करपट ढेकरा चालू आणि तरी काहीतरी खावंसं वाटतंय, ही त्या यादीत बसणारी भूक नव्हे. मात्र त्याच आयुर्वेदाने भुकेला न अडवण्याच्या वेगांतही धरलं आहे, शिंक आणि झोपेच्या रांगेत. खरी लागली तर दाबू नये, हे शास्त्रच सांगतं. उपासाच्या उत्साहात ही बाजू सहसा कुणी काढत नाही.

आता उपासाच्या पानाकडे. उमरठच्या आसपासच्या वरकस जमिनींवर नाचणी आणि वरी व्हायची. देशावर जिला भगर म्हणतात तीच ही वरी. डोंगरातल्या माणसाला ती उपासालाही चालायची आणि एरवीही. साबुदाण्याचं तसं नाही. तो टॅपिओका कंदाच्या पिठाचा, आणि तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतले बटाटा आणि शेंगदाणेही तिकडचेच. पाहुण्यांबद्दल तक्रार नाही, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ते झपाट्याने पचतं, रक्तातली साखर चढते आणि काहींच्या बाबतीत दोन-तीन तासांनी होती त्याच्याही खाली उतरते. २०२१ साली हजारावर लोकांच्या अंगावर साखरमापक लावून झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्यांची साखर अशी खाली जाते त्यांना भूक लवकर लागते आणि पुढच्या वेळी ते जास्त खातात. दहा वाजता खिचडी, एक वाजता वेफर्स, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू, ही साखळी उपासाने लागलेल्या भुकेची नाही. ती खिचडीने लावलेली आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी, असं आपल्या लोकांनी उगाच म्हटलेलं नाही.

गांधीजींनी हीच गोष्ट स्वतःवर घेऊन लिहिली आहे. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी संयमासाठी उपास आणि एकभुक्त सुरू केलं, तर अन्न जास्त रुचकर लागू लागलं आणि भूक अधिक तेज झाली. उपास हा संयमाइतकाच भोगाचाही मार्ग होऊ शकतो, अशी कबुली त्यांच्या आत्मकथेत आहे. तिथेच ते सांगतात की सुरुवातीच्या एका चौदा दिवसांच्या उपासात पाणी पुरेसं न प्यायल्याने घसा सुकला आणि फार अशक्तपणा आला. नको वाटलं तरी पाणी भरपूर प्यावं लागतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे १९३२ साली येरवड्यात आणि १९४३ साली आगाखान पॅलेसमध्ये साऱ्या देशाचा जीव टांगणीला लावणारे उपास करणाऱ्या माणसाचा पहिला धडा पाण्याचा होता.

लांबच्या उपासात एक वेगळीच गोष्ट घडते. यकृतात साठवलेली साखर साधारण दिवसभर पुरते. मग शरीर चरबी जाळू लागतं आणि दोन-तीन दिवसांनी भूक बहुतेकांना ओसरल्यासारखी वाटते. अर्धपोटी माणसाचं मात्र उलट होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्ध्यामुर्ध्या जेवणावर ठेवलं. त्यांची भूक ओसरली नाही. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, थाळ्या चाटू लागले, दुसरं काही बोलेनासे झाले. रोज थोडं खाऊन महिनोन्‌महिने कमी पडणं हीच भुकेची सगळ्यात चिवट जात, आणि तिचा अनुभव घ्यायला डोंगरातल्या माणसाला प्रयोगशाळेत जावं लागलं नाही. जुन्या काळी आषाढ-श्रावणात मागचं भात संपत आलेलं असायचं आणि नवं अजून शेतात उभं. नेमके तेच उपासांचे महिने. तेव्हाच्या श्रावणी सोमवारी धर्म किती आणि कणगीचा तळ किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

आणि आजही, ‘मला भूकच नसते’ असं सांगणाऱ्या बाईवर पटकन विश्वास ठेवू नये. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं, आठवड्याला एक-दोन उपास धरायचे, मधल्या वेळची भूक चहावर मारायची. अशी वर्षं गेली की आतली हाकच बारीक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भूक वाटते पण नसते, याची चर्चा शहरात जोरात आहे. भूक असते पण वाटेनाशी होते, हा मामला तितकाच खरा असून त्याच्यावर कुणी व्याख्यान ठेवत नाही.

व्याख्यानांवरून दीक्षित आठवणारच. काही वर्षांपूर्वी मराठी घरांत उभी फूट पडली होती: एक बाजू डॉ. जगन्नाथ दीक्षितांची, दुसरी ऋजुता दिवेकरांची. दिवेकर दर दोन-तीन तासांनी थोडं खा म्हणत. दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि त्या दोन वेळा कुठल्या, ते स्वतःच्या ‘कडक भुके’वरून ठरवा. हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा होता, आणि लोकांनी लक्षात ठेवली ती ५५ मिनिटं. चार दिवस भूक कधी लागते हे नुसतं बघत राहणं कुणालाच जमलं नाही. घड्याळ लावणं सोपं गेलं. तसं कडक भुकेतही एक मेख आहेच. ज्याने वीस वर्षं दुपारी एकला डबा उघडला त्याला कडक भूक एकलाच लागणार. तरीही दिवसभर चरत राहणाऱ्याला ‘आधी भूक लागू दे’ हे सांगणारं कुणी भेटलं, हे चांगलंच झालं.

उपासात आणखी तीन तोतये भेटतात. तहान हा पहिला; फेब्रुवारीत पोलादपूरला दुपारी ऊन चटकायला लागलेलं असतं, आणि तांब्याभर पाणी पिऊन पंधरा मिनिटं थांबलं तर बरीचशी ‘भूक’ उतरते. दुसरा चहा. निर्जळी उपासाला संध्याकाळी कपाळ ठणकतं ते पुष्कळदा उपाशी राहिल्याने नव्हे, चहा चुकल्याने. तिसरं पित्त. छातीखालची जळजळ आणि आग ही खाल्ल्यावर क्षणभर शमते म्हणून भूक वाटते, आणि तिच्यावर तळलेला साबुदाणा वडा टाकला की मग रात्र बघायची.

इथे गंमत थांबवावी लागते. हात थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलताना गोंधळणं ही लक्षणं खऱ्या-खोट्या भुकेच्या वादात घालायची नाहीत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांत हे साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं आणि तिथे लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा, उपास मोडला तर मोडला. अशांनी, गरोदर बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी उपासाचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

महाशिवरात्रीला याची शेवटची परीक्षा होते. त्या सुमाराला महाडला वीरेश्वराचा उत्सव, छबिना, रात्रीची जागरणं. मंद उजेडात, बाहेरच्या दिवसरात्रीचा पत्ता न लागू देता १२ माणसांना ठेवून केलेल्या एका अभ्यासात २०१३ साली असं दिसलं की भूक रात्री आठच्या सुमाराला सर्वांत जास्त आणि सकाळी आठच्या सुमाराला सर्वांत कमी असते, मग मधे कितीही तास काही खाल्लेलं नसो. त्यामुळे शिवरात्रीच्या संध्याकाळी ज्याला कधी एकदा उजाडतंय असं झालेलं असतं, तो दुसऱ्या दिवशी पारण्याला पानावर बसतो आणि चार घासांत हात आखडता घेतो. वाढणारीला वाटतं, वरणात मीठ कमी पडलं की काय. ती पुन्हा भात घेऊन येते, तो पानावर आडवा हात धरतो. दुपारी साडेबाराला मात्र तोच माणूस, कुणी हाक न मारता, दुसऱ्यांदा जेवायला हजर असतो.