गुपिते साहेबांची, शिक्षा कारकुनाला

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या कार्यकर्त्यांना एक उत्तर आता पाठ झाले आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मागा, रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागा, नाहीतर रोजगार हमीच्या कामाचा हजेरीपट मागा, टेबलापलीकडचा माणूस मान वर न करता सांगतो, "ते गोपनीय आहे." कोणी अधिक खोलात जाऊ लागला तर सरकारी कामात अडथळा आणल्याच्या गुन्ह्याची भीती घातली जाते. आणि खिशातला मोबाइल काढून कागदाचे छायाचित्र घेऊ लागला तर शासकीय गुपिते कायद्याचे नाव ऐकविले जाते. साधी सभा घ्यायची तरी आधी सरकारची परवानगी आणा, असे बजावणारे निजामी अमलातील 'गश्ती निशाण ५३' ज्या मुलखाने सोसले, त्या मुलखाला हा दरारा अनोळखी नाही. परंतु त्या वेळी आपण प्रजा होतो. आज आपण नागरिक आहोत असे म्हणतात, आणि तरीही दरारा तोच आहे.

या दराऱ्याला भिण्यापूर्वी तो कोणासाठी आहे हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. शासकीय गुपिते कायद्याच्या शंभर वर्षांच्या व्यवहारावरून एकच निष्कर्ष निघतो : फुटलेले गुपित किती मोलाचे होते हे येथे तोलले जात नाही, ते फोडणारा माणूस किती वजनाचा आहे हे तोलले जाते.

हा कायदा मुळात परक्या राज्यकर्त्यांचा. १८८९ साली तो पहिल्यांदा आला. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत त्याचे दात अधिक धारदार करण्यात आले. लष्करी आणि आरमारी गुपितांच्या पंगतीला मुलकी कारभारालाही आणून बसविण्याचा घाट घालण्यात आला, तेव्हा वरिष्ठ कायदेमंडळात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०३ च्या अखेरीस त्याला कडाडून विरोध केला होता. सरकारपुढे तो विरोध टिकला नाही आणि १९०४ मध्ये विधेयक संमत झाले. १९२३ साली या साऱ्याचा मिळून आजचा कायदा तयार झाला आणि स्वतंत्र भारताने तो मूळ स्वरूपात जवळजवळ तसाच चालू ठेवला. त्याच्या तिसऱ्या कलमात हेरगिरीला चौदा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पाचव्या कलमात सरकारी माहिती अनधिकाराने देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि ती निष्काळजीपणे बाळगणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. मात्र 'गुपित' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात कोठेही नाही. खरी मेख आहे ती तेराव्या कलमात. सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद दिल्याखेरीज न्यायालय या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. म्हणजे गुपित कशाला म्हणायचे हे सरकार ठरविणार, आणि ते फुटल्यावर कोणाला धरायचे व कोणाकडे काणाडोळा करायचा, हेही सरकारच ठरविणार.

या यंत्रणेतून काय निघते ते १९८५ साली देशाने पाहिले. त्या वर्षीच्या जानेवारीत कुमार नारायण प्रकरण उजेडात आले. थेट पंतप्रधानांच्या आणि राष्ट्रपतींच्या कार्यालयांतून कागद बाहेर जात होते आणि परकीय वकिलातींपर्यंत पोहोचत होते. अपराध गंभीर होता, यात शंका नाही. खटला सतरा वर्षे चालला. मुख्य आरोपी निकालापूर्वीच मरण पावला. २००२ साली दिल्लीच्या न्यायालयाने बारा माजी कर्मचाऱ्यांना प्रत्येकी दहा वर्षे आणि मुंबईच्या एका उद्योजकाला चौदा वर्षे सक्तमजुरी ठोठावली. शिक्षा झालेले कर्मचारी हे स्वीय साहाय्यक, लघुलेखक अशा खालच्या पायरीवरचे. ज्यांच्या कपाटांतून कागद गेले त्यांच्यापैकी पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता आणि राजीनामा देण्याचा सभ्यपणा त्यांनी दाखविला, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. परंतु पुढे काय झाले? त्याच वर्षी ते लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले. नंतर तामिळनाडूचे आणि १९९३ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ज्या २००२ साली त्या कारकुनांना दहा वर्षांची सजा झाली, त्याच २००२ साली हे मुंबईच्या राजभवनातून राज्यसभेत गेले. जबाबदारी वरच्याची असली तर ती नैतिक ठरते आणि खालच्याची असली तर फौजदारी, हा भेद आमच्या राज्यव्यवस्थेने इतका सहज स्वीकारला आहे की तो आता कोणाला खटकतही नाही.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. मग २०२१ साली मुंबईत काय घडले ते पाहावे. मार्चमध्ये विधानसभेतील तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलिसांच्या बदल्यांत चालणाऱ्या व्यवहारांविषयीचा, गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन आयुक्त रश्मी शुक्ला यांचा अहवाल जाहीर केला. महाविकास आघाडीच्या सरकारने तत्काळ शासकीय गुपिते कायद्याखाली 'अज्ञात' व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदविला. पुढच्या वर्षी फडणवीस यांचा जबाब घेण्यासाठी पोलीस त्यांच्या निवासस्थानी गेले. जून २०२२ मध्ये सरकार बदलले, तपास सीबीआयकडे सोपविण्यात आला आणि सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. आता त्याच वर्षातील दुसरी फूट पाहा. माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्याविषयीच्या प्राथमिक चौकशीचा सीबीआयचा अहवाल बाहेर आला, तेव्हा त्याच खात्याच्या एका उपनिरीक्षकाला सप्टेंबरमध्ये अटक झाली. त्याने लाच घेतल्याचा आरोप होता. तो खरा असेल तर त्याची तरफदारी आम्ही करणार नाही. पण एका फुटीत फोडणारा अखेरपर्यंत 'अज्ञात' राहतो आणि दुसऱ्या फुटीत तो काही दिवसांत गजाआड जातो, हे केवळ तपासाच्या कौशल्याने घडते असे मानण्याइतकी जनता भोळी नाही.

येथे आमची भूमिका स्पष्ट असली पाहिजे. बदल्यांचा बाजार मांडला गेला असेल, तर तो चव्हाट्यावर आणणे हे विरोधी पक्षनेत्याचे कर्तव्यच होते. फडणवीस यांनी ते केले म्हणून त्यांना शिक्षा व्हावी, असे आम्ही म्हणत नाही. उलट, कर्झनच्या भात्यातला बाण काढून विरोधकांवर रोखणाऱ्या त्या वेळच्या सरकारचे वर्तनच पुरोगामी म्हणविणाऱ्यांना शोभणारे नव्हते. आमचे म्हणणे इतकेच आहे की, विरोधी पक्षनेत्याला जे संरक्षण त्याच्या पदाने मिळाले, ते सेनगावच्या तलाठ्याला आणि कळमनुरीच्या शिक्षकालाही कायद्याने मिळाले पाहिजे.

त्याच वर्षीच्या जानेवारीत आणखी एक प्रकरण गाजले होते. मुंबई पोलिसांच्या टीआरपी खटल्याच्या कागदपत्रांतून वृत्तवाहिनीचे संपादक अर्णव गोस्वामी यांचे व्हॉट्सॲपवरील संवाद बाहेर आले. बालाकोटचा हवाई हल्ला २६ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला; त्याच्या तीन दिवस आधीच्या संवादात काहीतरी मोठे घडणार असल्याचा उल्लेख होता. पुलवामाच्या हत्याकांडानंतर प्रत्युत्तर दिले जाणार हे उघडच होते, असा गोस्वामी यांचा खुलासा होता. तो खराही असेल. पण तो खरा की खोटा हे ठरविण्यासाठी चौकशी झाली का? राज्याच्या गृहमंत्र्यांनी कायदेशीर सल्ला घेऊ असे सांगितले आणि दिल्लीच्या सरकारने मौन पाळले. पाचव्या कलमाखाली खटला काही उभा राहिला नाही.

आता लहान माणसांकडे वळू. वरिष्ठांच्या घरची कामे जवानांकडून करून घेण्याच्या 'सहायक' प्रथेवर एका महिला पत्रकाराने २०१७ मध्ये नाशिकजवळच्या देवळाली छावणीत प्रकाश टाकला. त्यानंतर चित्रीकरणातील एका जवानाचा दुःखद मृत्यू झाला. पत्रकारावर आणि तिला साहाय्य करणाऱ्या एका माजी सैनिकावर गुपिते कायद्याचे कलम लागले. ते रद्द होण्यास एप्रिल २०१९ उजाडावा लागला. वर्धा येथे पोलीस ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल २०१८ साली एका नागरिकावर हेच कलम लावण्यात आले. पोलीस ठाणे हे या कायद्यातील 'निषिद्ध स्थान' नव्हे, हे जुलै २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला सांगावे लागले. नगर जिल्ह्यातील पाथर्डीत दोघा भावांनी ठाण्यातील संभाषण ध्वनिमुद्रित केले, तर त्यांच्यावरही तोच आरोप. आपला हिंगोली जिल्हा ज्याच्या अधिकारकक्षेत येतो त्या औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे कलम येथे लागूच होत नाही असा निर्वाळा दिला. ठाण्यात आपल्याशी पोलीस कसे बोलले, हे राष्ट्राचे गुपित समजले जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते हेच.

या माणसांना न्यायालयाने सोडविले ना, मग तक्रार कसली, असा प्रश्न विचारला जाईल. तक्रार अशी की, खटला हीच शिक्षा असते. नागपूरच्या ब्रह्मोस प्रकल्पातील एका अभियंत्याला २०१८ साली अटक झाली. जून २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हेरगिरीचे आरोप टिकत नसल्याचे सांगून केवळ निष्काळजीपणाचे कलम आणि तीन वर्षांची सजा कायम ठेवली. त्या तीन वर्षांहून कितीतरी अधिक काळ त्याचा तुरुंगात गेला होता. वकिलाची फी, मुंबई-नागपूरच्या खेपा, निलंबन, गावातली बदनामी, हे सारे सोसण्याची ताकद बड्या माणसाला असते. तारखेला जाण्यासाठी रोजगार बुडवावा लागणाऱ्याला ती नसते.

हा रोग केवळ आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेत चेल्सी मॅनिंग या सामान्य सैनिकाला २०१३ साली पस्तीस वर्षांची सजा झाली. ती कमी होऊन सुटका होईपर्यंत सात वर्षे तुरुंगात गेली. त्याच देशाचे नामांकित सेनापती आणि गुप्तहेर खात्याचे प्रमुख राहिलेले डेव्हिड पेट्रेयस यांनी अत्यंत गोपनीय टिपणवह्या आपल्या चरित्रलेखिकेला दिल्या. २०१५ साली त्यांना दोन वर्षांची देखरेख आणि एक लाख डॉलर दंड, एवढ्यावर मोकळे करण्यात आले. इंग्लंडने मात्र आपल्याच जुन्या कायद्यातील सरसकट सारे कागद गुपित ठरविणारे कलम १९८९ साली मोडीत काढले. इंग्रजांनी स्वतः टाकून दिलेले जोखड आपण अजून मानेवर वागवीत आहोत.

आणि सरकार जेव्हा नागरिकाचे गुपित फोडते तेव्हा? सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने बिहारमधील महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळविला आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. खुनाबद्दल तिघांना पुढे शिक्षा झाल्या. नाव फोडल्याबद्दल मात्र कोणालाही नाही. त्यानंतर झालेल्या आंदोलनांतून जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, पण तो आजतागायत अमलात आणलेला नाही.

शत्रूला तोफेचा नकाशा विकणाऱ्याला कठोर शासन झालेच पाहिजे. त्याविषयी मतभेद नाही. परंतु हेरगिरी वेगळी आणि लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना सांगणे वेगळे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पाचवे कलम रद्द करावे आणि कोणती माहिती खरोखर संरक्षणीय आहे हे कायद्यात मर्यादित शब्दांत सांगावे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ सालीच हा सारा कायदा रद्द करण्याची शिफारस केली होती, तिच्यावरची धूळ झटकावी. लोकहितासाठी माहिती उघड केली, हा बचाव आरोपीला मिळावा. खटला भरायचा की नाही हे मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता स्वतंत्र यंत्रणेने कारणे देऊन ठरवावे. आणि जागल्यांचा कायदा विनाविलंब लागू करावा.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. माहिती अधिकार कायद्याच्या बाविसाव्या कलमाने त्या कायद्याला गुपिते कायद्याहून वरचे स्थान दिले आहे. आठव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे, लोकहित मोठे असेल तर गुपिते कायदा आडवा आला तरी माहिती देता येते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव या पाचही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी ही कलमे पाठ करावीत. "गोपनीय आहे" असे कोणी म्हणाले तर वाद न घालता "कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्या" एवढेच म्हणावे. आणि एखादा प्रामाणिक कारकून लोकांचा कागद लोकांपर्यंत आणल्याबद्दल अडचणीत आला, तर त्याला एकटा पडू देऊ नये. साहेबामागे सरकार उभे असते. त्या कारकुनामागे आपण उभे राहिलो नाही, तर पुढचा कागद बाहेर येणार नाही.