"लहानशीच तर आहे!"



माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत मी एक वाक्य सर्वात जास्त वेळा ऐकलं. "बाई, लहानशीच तर चूक आहे!" ऱ्हस्व-दीर्घाची चूक लहानशी, हातच्याचा एक विसरला ती लहानशी, प्रयोगवहीत तारीख नाही तीही लहानशीच. निवृत्त झाल्यावर तरी या वाक्यापासून सुटका होईल असं वाटलं होतं. पण ते माझ्या मागोमाग अमेरिकेत आलं, आणि तेही आमच्या जावईबापूंच्या तोंडून. यावेळी लहानशी होती ती ट्रेलर.

आधी थोडी पार्श्वभूमी. लेक-जावई कॅलिफोर्नियात फॉल्समला राहतात. जावईबापू संगणकवाले, पण जीव अडकलेला गॅरेजमध्ये. शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ आहेत, त्यांच्या मदतीने यांनी चार वर्षं खपून एक हॉट रॉड बांधली. १९३२ च्या फोर्डच्या रूपाची, उघडी, दोन माणसांची, फायबरग्लासची बॉडी, मागे रुंद टायर आणि पुढे सायकलला शोभतील इतके बारीक. गाडी सुंदर आहे, हे मी मोकळ्या मनाने सांगते. सुरू केली की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि नातू टाळ्या पिटतो.

ही हॉट रॉड म्हणजे काय, हे आपल्या इकडच्या वाचकांसाठी सांगायला हवं. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. ६५ अश्वशक्तीचं. पुढे या गाड्या जुन्या आणि स्वस्त झाल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं त्या घ्यायची, मडगार्ड काढायची, बंपर काढायची, काच काढायची, आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट मातीवर पळवायची. १९३७ साली त्यांनी आपली संघटनाही उभारली. म्हणजे जे जे वजन काढता येईल ते काढणं हाच या गाडीचा मूळ धर्म. हलकेपणा हेच तिचं पुण्य.

आणि अशा गाडीच्या मागे आमच्या घरच्यांनी ट्रेलर जोडली! अश्रूच्या थेंबाच्या आकाराची, दोन माणसं आत झोपतील एवढी. मागचं झाकण उचललं की आत छोटं स्वयंपाकघर. दिसायला अगदी भातुकलीतली. मी विचारलं, "अहो, ही एवढीशी गाडी हे ओढेल का?" त्यावर जावईबापू हसले. "आई, तीनशे हॉर्सपॉवर आहेत. आणि ट्रेलर लहानशीच तर आहे!"

इथेच माझं भांडण सुरू होतं.

ओढण्याबद्दल शंका काढणारी मी वेडी, हे मी आज कबूल करते. माझा प्रश्नच चुकला होता. ओढायला ती गाडी आणखी दोन ट्रेलर ओढेल. प्रश्न आहे थांबण्याचा आणि सरळ राहण्याचा, आणि त्या दोन्ही कामांत तीनशे घोडे काडीचे उपयोगी नाहीत. हे या छंदातल्या माणसांना कळत नाही असं नाही. पण इंजिनाबद्दल तासभर बोलणारी ही मंडळी ब्रेकचा विषय निघाला की घड्याळाकडे बघतात.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही ताहो सरोवराला निघालो. पुढे हॉट रॉड, त्यात जावई आणि नऊ वर्षांचा नातू. मागे ट्रेलर. त्यामागे लेकीच्या गाडीत आम्ही दोघी. हायवे ५० वर प्लेसरव्हिलच्या अलीकडे एक उतार आहे. तिथे ती ट्रेलर हलू लागली. आधी कुत्र्याने शेपूट हलवावी तशी, मग जास्त, मग आणखी जास्त. डावीकडे गेली की हॉट रॉडचं मागचं अंग उजवीकडे ढकललं जायचं. समोर उघड्या गाडीत नातवाची लाल टोपी दिसत होती. लेकीच्या तोंडून शब्द फुटेना. मी काय म्हणत होते मला आठवत नाही, बहुधा रामरक्षा.

जावईबापूंनी एक गोष्ट बरोबर केली, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी गुण. त्यांनी ब्रेकवर पाय दाबला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, वेग आपोआप कमी झाला आणि शेपूट शांत झाली. घाबरून ब्रेक दाबला असता, किंवा ट्रेलरला ताण बसेल म्हणून वेग वाढवला असता, तर काय झालं असतं ते मी इथे लिहिणार नाही. नातेवाईक वाचतात.

रस्त्याकडेला थांबल्यावर जावईबापू म्हणाले, "वारा असेल." घरी आल्यावर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मी चाळीस वर्षं ट्रेलर ओढतोय, मला कधी काही झालं नाही." हे तर मला पाठच आहे! अभ्यास न करता एकदा पास झालेला प्रत्येक मुलगा हेच सांगतो. काही झालं नाही याचा अर्थ सगळं बरोबर होतं असा होत नाही. परीक्षेत तो प्रश्न आला नाही, एवढाच होतो.

मी बी.ए. बाई, विषय मराठी आणि इतिहास. मला भौतिकशास्त्रातलं काय कळतं? पण मी शेतकऱ्याची मुलगी आहे. आमच्या घरी बैलगाडी होती, आणि गाडी भरताना वडील एकच गोष्ट बघायचे. गाडी उलाळ तर होत नाही ना? शहरातल्या वाचकांसाठी सांगते, माल मागे जास्त झाला की धूर वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि गळ्याखालच्या पट्ट्यांचा फास बसतो. ती उलाळ गाडी. म्हणून थोडा भार पुढे, धुरेवर हवा. फार झाला तर बैलांच्या माना मोडतात, तेही नको. बैलाचं जे, तेच मोटारीचं. तिथेही नियम आहे, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर पडला पाहिजे. त्याहून फार कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवू लागते.

आणि आता बघा गंमत. या भातुकलीच्या ट्रेलरचं स्वयंपाकघर कुठे? मागे! मग बर्फाची पेटी मागे, पाण्याचा कॅन मागे, बिडाचा तवा आणि शेगडी मागे. बाईमाणसाच्या नजरेने सगळं जागच्या जागी, आणि गाडी मात्र उलाळ.

मी जावईबापूंना म्हटलं, न्हाणीघरातला वजनकाटा आणा. त्यांना वाटलं सासूबाईंची शुगर वाढली. पण आणला. ट्रेलर तशीच भरून, सपाट जागी उभी करून, चाकांना उटी लावून, तिचा पुढचा दांडा गाडीला जोडतात त्याच उंचीवर काट्यावर टेकवला. भरलेल्या ट्रेलरचं वजन आधी सार्वजनिक काट्यावर करून आणलं होतं, ४५० किलो. म्हणजे पुढे ४५ ते ६७ किलो हवेत. काट्यावर आले १९. नातवाने भागाकार केला, चार टक्के आणि थोडं वर. गॅरेजमध्ये शांतता पसरली. मग बर्फाची पेटी, पाणी आणि बिडाची भांडी मिळून ४५ किलो सामान मागून काढून पुढे, झोपायच्या फळीवर अगदी पुढच्या भिंतीला लावून बांधलं. काटा म्हणाला ५२. वाऱ्यावरचा आरोप मागे घेण्यात आला.

इथे थांबायला मी तयार नाही. आता वजनाचं प्रमाण बघा. हीच ४५० किलोची ट्रेलर अडीच टनांच्या पिकअपमागे लावली तर ती पिकअपच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आमची हॉट रॉड हजार किलोच्या आसपास. म्हणजे ट्रेलर जवळजवळ निम्मी! "लहानशी" हे विशेषण आहे, आणि विशेषणाला तुलना लागते, हे मी पाचवीला शिकवत असे. कशाच्या मानाने लहान? हजार किलो थांबवायला बसवलेले ब्रेक आता दीड हजार किलो थांबवणार. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो, आणि पुढची चाकं तर शोभेसाठी बारीक ठेवलेली.

यावर जावईबापूंचं उत्तर तयार होतं. "आई, कायद्याने या ट्रेलरला ब्रेक लागत नाहीत." खरं आहे. कॅलिफोर्नियात राहुटीवजा ट्रेलरला ब्रेकची सक्ती १५०० पौंडांपासून, म्हणजे ६८० किलोंपासून पुढे आहे. पण ट्रेलर कशामागे जोडली आहे हे तो आकडा विचारत नाही. कायदा पस्तीस टक्क्यांना पास करतो. म्हणून पस्तीस टक्क्यांवर नातवाला बसवायचं का? आणि कायदाच काढायचा तर सगळा काढा. त्याच कायद्याने ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. त्या उतारावर किती होतात हो जावईबापू? मागच्या गाडीचा काटा मी पाहत होते. सत्तर! वेग सव्वापट झाला की गाडीतला जोर दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो.

जोडाबद्दलही सांगून टाकते. ट्रेलर ज्या गोळ्यावर बसते त्याचे आकार वेगवेगळे असतात. १ ७/८ इंचाच्या गोळ्यावर दोन इंची टोपण बसतं, खटका लागतो, सगळं ठीक दिसतं, आणि एका खड्ड्यात उसळी मारून ते सुटू शकतं. आकार गोळ्याच्या माथ्यावर कोरलेला असतो, वाचायला चष्मा लावायचा. गोळा गाडीच्या चासीला पक्का हवा. शोभेच्या नळीला नव्हे. दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या ओलांडून लावायच्या, म्हणजे जोड सुटला तर दांडा झोळीत पडावा तसा त्यांच्यावर पडतो, रस्त्यात रुतत नाही. आणि मागचे दिवे निघण्यापूर्वी एकाने बघायचे, एकाने दाबायचे.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात, की हॉट रॉडला ट्रेलर लावूच नये. हेही मला पटत नाही. इकडच्या गाड्यांच्या मेळाव्यात मी माझ्या वयाची जोडपी पाहिली आहेत, गाडीच्याच रंगाची छोटी ट्रेलर मागे लावून, उजव्या लेनमधून संथ येणारी. या गाड्यांना मागे लांबलचक डिकी नसते, त्यामुळे गोळा मागच्या चाकांच्या जवळ येतो. ते चांगलंच आहे, ट्रेलरच्या झटक्याला पकड कमी मिळते. छंद बंद करा असं मी म्हणत नाही. आधी गणित करा म्हणते.

माझा हा राग कुठून येतो, ते घरच्यांना ठाऊक आहे. आमच्या सांगली भागात गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. तिथेही हेच उत्तर, "ओढतोय की!" आमच्या शाळेतले एक शिक्षक रात्री मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्यात उभ्या, दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळले आणि गेले. त्या ट्रॉलीला मागे एक दिवा, निदान चकाकणारी पट्टी हवी होती. लहानशीच गोष्ट! दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्ग मी घेतला. फळ्यावर त्यांच्या अक्षरातली तारीख होती. मी ती पुसली नाही.

तर आता मुद्दा. सामान पुढे आलं, साखळ्या फुलीत आल्या, वेग ५५ वर आला. ट्रेलरला ब्रेक मात्र अजून आलेले नाहीत. विजेवर चालणारे मिळतात, आणि ट्रेलर मागून रेटू लागली की आपोआप लागणारेही मिळतात. मधल्या काळात हॉट रॉडला चकचकीत क्रोमचं नवीन झाकण मात्र आलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिलं. सांगलीच्या काकू, पुण्याचे भाऊजी, दुबईची मंडळी, सगळ्यांनी जावईबापूंना फोन करून फक्त एवढंच विचारायचं, "ब्रेक बसवले का?"

जावईबापू, रागावू नका. गाडी तुमची आहे, लाल टोपी माझी आहे.