डांबर जरा कमी तापवा

रस्त्याच्या कामावर फावडे घेऊन उभा असलेला मजूर दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या डांबरी मिश्रणाचा धूर दिवसभर छातीत भरून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या कामातील धुराची नोंद ‘कर्करोगकारक असू शकतो’ अशी केलेली आहे.

ही उष्णता कमी करता येते. ‘वॉर्म मिक्स’ पद्धतीत रसायन, मेण किंवा डांबराला फेस आणणारे किंचित पाणी वापरतात. मग साधारण तीस अंश कमी तापमानातही डांबर खडीवर नीट चढते. प्लँटचे इंधन वाचते, धूर घटतो. शिवाय डंपर घाट चढून उशिरा पोहोचला, तरी मिश्रण आळण्याआधी रोलर फिरवायला पुरेसा वेळ मिळतो. दबाई कच्ची राहिली की पहिल्या पावसातच रस्ता उखडतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

युरोपात हे तंत्र १९९०च्या दशकात पुढे आले. इंडियन रोड्स काँग्रेसनेही २०१४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरी बहुतेक ठेकेदार अजून जुनीच भट्टी पेटवतात, कारण निविदेत दुसरे काही मागितलेलेच नसते.

एक धोका मात्र खरा आहे. कमी उष्णतेत खडी पुरती वाळली नाही, तर डांबर सुटते. कोकणात तर खडी झाकून ठेवणे आणि ओलाव्याची चाचणी सक्तीचीच हवी. सार्वजनिक बांधकाम विभागाने पुढच्या हंगामाच्या निविदांत ‘वॉर्म मिक्स’ आणि ही चाचणी, दोन्ही अटी एकत्र घालाव्यात.