खाण जमिनीखाली, वाळू मात्र नदीची

नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी चालविणाऱ्या 'मॉईल' या सरकारी कंपनीचे मुख्यालय आमच्या शहरात आहे. एका ब्रिटिश कंपनीच्या कारभारातून १९६२ साली ती उभी राहिली. खाणी बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. मनसर, कांद्री, खापा येथील बाजार खाणकामगारांच्या पगारावर चालतो, आणि त्या बाजारात आमचे कापडही विकले जाते.

मनसर ओलांडले की जबलपूर रस्त्यावर पेंचचे जंगल लागते. १९९९ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. अशा मुलखात भूमिगत खाण केव्हाही बरी. गडचिरोलीत सूरजागडला लोहखनिजासाठी डोंगर वरून कापला जात आहे. भूमिगत खाणीत वरची झाडे बहुतांशी जागच्या जागी राहतात. मात्र माल काढल्यावर खाली पोकळी उरते. स्वीडनमधील किरुना येथील लोखंडाच्या खाणीत ती न भरता वरचा खडक कोसळू देतात. परिणामी जमीन खचत असून शहराचा मोठा भाग हलवावा लागत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथले जुने चर्च अख्खे उचलून सुमारे पाच किलोमीटर दूर नेले!

आपल्याकडे पोकळी भरतात. मँगनीजचा एक थर निघाला की पाण्यात कालवलेली वाळू नळाने खाली सोडतात. पाणी निथळते, वाळू घट्ट बसते आणि तिच्यावर उभे राहून मजूर वरचा थर काढतात. पद्धत चोख आहे, पण ही वाळू वर्षानुवर्षे नदीच्या पात्रातून येत आली. म्हणजे जंगल वाचविले आणि बिल नदीच्या नावावर फाडले.

गुमगावची खाण खाप्याजवळ, कन्हानच्या खोऱ्यात आहे. हीच नदी पुढे कामठीला येते आणि नागपूरलाही पाणी पुरविते. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरी खाली जातात. वाळू उपशात बांधकामवाल्यांचा हात मोठा आहे, हेही खरे. आमच्या रंगाऱ्यांना दुसरीही धास्ती आहे. पाण्यात लोह आणि मँगनीज वाढले की पांढऱ्या मालावर तपकिरी डाग पडतात, फिका रंग मळकट येतो. असा ताका गिऱ्हाईक परत करते आणि नुकसान कारागिराच्या अंगावर पडते. म्हणून खाणीतून उपसलेले पाणी कुठे सोडतात, याची चौकशी करण्याचा हक्क त्याला आहे.

खाणींवर टाकाऊ दगडाचे ढिगारे पडलेले असतात. तो दगड भरडून पोकळीत भरता येतो. खर्च वाढेल, परंतु २०२५ साली राज्य शासनाने बांधकामासाठी कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केलेच आहे. मग खाणीने मागे का राहावे?

मोठ्या खाणीच्या विस्तारापूर्वी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. तीस दिवस आधी वृत्तपत्रात नोटीस येते आणि लेखी म्हणणे देता येते. आमचे व्यापारी बांधव कराच्या नोटिसा बारकाईने वाचत आले, पण ही नोटीस कुणी पाहत नाही. पुढची नोटीस येईल तेव्हा कामठीच्या विणकर संस्थांनी आणि रंगाऱ्यांनी तीन प्रश्न लेखी द्यावेत: भरावासाठी नदीची वाळू किती घेणार, टाकाऊ दगड किती वापरणार, आणि बाहेर सोडलेल्या पाण्यातील मँगनीजची तपासणी दर महिन्याला कोण करून जाहीर करणार? उत्तर आकड्यांत मागावे. आश्वासनावर उधारी देण्याचा आमचा धंदा नाही.