वाकडी शिवण

मे महिना लागला की घरोघरी एकच प्रश्न, नाही का? “आई, आता काय करू?” दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयानं मला विचारलं, सुट्टीत मुलांचा हस्तकलेचा वर्ग घ्याल का? मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा नाही म्हणायला जागाच नव्हती!

पहिल्या वर्षी क्रेप कागदाची फुलं नि तोरणं केली. अर्धवट काम मुलं घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी ते कसं नीटनेटकं होऊन येई! प्रदर्शन झकास झालं. कौतुक चाललेलं असताना माझीच धाकटी कुणाला तरी सांगत होती, “हे आईनं केलंय. माझं तिनं टाकून दिलं.”

मैत्रिणींनो, हातातला पेढा हातातच राहिला. पाकळ्या वेड्यावाकड्या दिसत होत्या, म्हणून रात्री मीच बसून नव्या केल्या होत्या. शिवाय पंधरा दिवसांत एकाही मुलानं पुस्तकांच्या कपाटाला हात लावला नव्हता. मग वर्ग वाचनालयात घेतला काय नि मंगल कार्यालयात काय!

दुसऱ्या वर्षी दोनच नियम केले. वस्तू घरी न्यायची नाही आणि काम पुस्तकाचंच करायचं.

सुरुवात खळीपासून. एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात कालवावा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. एकूण चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवावा. उन्हाळ्यात खळ लवकर आंबते, म्हणून रोज ताजी करावी. बाइंडर तीत मोरचूद घालतात, पण ते विषारी; मुलांच्या हाती मुळीच नको. फाटक्या पानांना पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी खळीनं लावावी. चिकटपट्टी नको, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून डाग उरतो.

मग वही. चार कागद एकत्र मधोमध दुमडले की सोळा पानांच्या बाजू मिळतात. घडीवर तीन भोकं मोठ्यांनीच दाभणानं पाडून द्यावीत. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, वरच्यातून आत, तिथून थेट खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्यावर गाठ मारून बांधावीत. आठ वर्षांच्या मुलालाही हे जमतं बरं का!

कपाटातलं एक पुस्तक वाचून त्यातली गोष्ट आपल्या शब्दांत नि चित्रांत या वहीत उतरवायची. त्या निमित्तानं कपाटं उघडली. ग्रंथपालांनी प्रत्येक वहीला क्रमांक घालून ती बालविभागात ठेवली. मुलं एकमेकांच्या वह्या रीतसर नोंद करून घरी नेऊ लागली!

धाकटीची शिवण वाकडी चालली होती. माझा हात आपसूक सुईकडे गेला. ती म्हणाली, “आई, तू बस गं.”

बसले. तुमच्या गावात असा वर्ग घ्याल, तेव्हा सुई, दोरा, खळ सगळं पुरवा. फक्त आपले हात मांडीवर ठेवा. तेवढं एक फार कठीण जातं, अनुभवानं सांगते!